भागूबायची उल्का

परवा पेणमध्ये उल्काच्या लेखकांचा सत्कार झाला. व्यासपीठावर चार खुर्च्या होत्या. एकीवर हार घातलेला फोटो, कारण हेडमास्तर वारले. उरलेल्या तीन खुर्च्यांवर तीन हयात लेखक, आणि तिघेही फोटोपेक्षा जास्त गंभीर. शाली झाल्या, नारळ झाले. मग प्रत्येकाने उठून सांगितलं की उल्का मुळात माझीच. एकाने तर तिला 'माझी मानसकन्या' म्हटलं. या मानसकन्येला त्याने सहा अंक खांबाला बांधून ठेवलं होतं, तेवढं सांगायचं राहिलं. मी सहाव्या रांगेत वेफर्स खात बसलो होतो. चित्रकाराला आमंत्रण होतं, खुर्ची नव्हती. त्याचं मला काही नाही. पण एवढ्या भाषणांत भागूबायचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही, आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय. शाल-नारळ माझ्याकडे नाही, कागद आहे.

ज्यांना उल्का माहीत नाही (असे लोक आता निघतात, आणि त्यांची लग्नंसुद्धा झालेली असतात) त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. उल्का म्हणजे आमच्या मासिक चित्रकथेतली उडणारी बाई. पेणच्या खाडीकडे मिठागरात आकाशातून एक दगड पडतो, मिठागरावर काम करणारी एक पोरगी तो उचलते, दंडावरच्या वाकीत बसवते, आणि तिला उडता येऊ लागतं. एका बुक्कीत लोखंडी दरवाजा आडवा. मासिक रामवाडीतल्या एका छापखान्यातून निघायचं. मालकांचा खरा धंदा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. चित्रकथा ही त्यांची हौस. तेव्हा टीव्ही घरोघरी आलेला नव्हता, त्यामुळे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पोरी अंकाची वाट बघत उभ्या असायच्या. चित्रं माझी. गणपतीच्या दिवसांआधी मी कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचो आणि उरलेलं वर्ष उल्का काढायचो. लेखक एकामागून एक चार झाले. अक्षरं मात्र पहिल्या अंकापासून एकाच हातची होती, रोह्याच्या भागूबायची.

तेव्हा चित्रकथेतले संवाद हाताने लिहीत. मी चित्र काढून पात्राच्या डोक्याशी रिकामा फुगा सोडायचो. मग माझी पानं आणि लेखकाचे कागद पिशवीत घालून एसटीने रोह्याला न्यायचे आणि आठवड्याने जाऊन आणायचे, हे कामही माझंच. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर 'रामा पेंटर' अशी पाटी होती. रामा पेंटर म्हणजे भागूबायचा नवरा. तो एकदा शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात कायमचा थरथरू लागला. तेव्हापासून रोह्यातल्या गिरण्या, दवाखाने, ट्रकच्या पाठी, सगळं भागूबाय रंगवायची आणि खाली कोपऱ्यात सही करायची 'रामा'. मी एकदा विचारलं, असं का म्हणून. म्हणाली, "पाटी त्यांची, हात माझा. लोकांना वाचायला आलं म्हंजे झालं." म्हणाली खरी, पण सही करताना ती तोंड जरा वाकडं करायची, ते मी पाहिलेलं आहे.

बाई बुटकी, काटक. कासोट्याचं लुगडं, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, कोपरापर्यंत रंग. शाळा चौथीपर्यंत. माहेर खाडीकडचं, बापाची हयात मिठागरावर गेलेली. उल्काची पहिली गोष्ट मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मंग ही आमच्यातलीच झाली की!" मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. आम्हा शहाण्यांना असंच वाटत असतं.

तिची काम करायची रीत अशी की वाक्य लिहायच्या आधी ती रंगाच्या शिडीवर तीन पायऱ्या चढायची आणि तिथून ते वाक्य मोठ्याने बोलून बघायची. शेजारीपाजारी आधी दचकायचे, मग सवय झाली. "उडती बाई वरनंच बोलणार ना भाऊ? मंग वरनं कसं वाटतं ते बघाया नको?" वाक्य बोलता बोलता धाप लागली, किंवा तिचं तिलाच हसू आलं, की ती खाली उतरायची, टाक शाईत बुडवायची आणि भलतंच काहीतरी लिहून टाकायची. मी पानं आणायला गेलो की तोंड वर करून एकच सांगायची, "फुग्यात मावलं नाय." मी फुगा बघायचो, कागद बघायचो आणि गप्प बसायचो. कारण तिचं वाक्य नेहमी बरं असायचं. आणि मला परत रोह्याची खेप घालायची नसायची.

पहिले लेखक हेडमास्तर. उल्का त्यांनीच जन्माला घातली, त्याबद्दल नमस्कार. पण त्यांना वाटायचं, उल्का बुक्की मारायला आलेली नसून परिपाठ घ्यायला आलेली आहे. गुंडाच्या नाकापासून मूठ बोटभर लांब, आणि संवाद काय? "अरे नराधमा, ज्या मातृभूमीने तुला अन्न दिले, तिच्याशीच द्रोह करताना तुझ्या अंतःकरणास यत्किंचितही लज्जा कशी वाटत नाही?" भागूबाय शिडीवर 'अंतःकरणास'पर्यंत पोचली आणि तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "भाऊ, येवढं बोलंपर्यंत तो माणूस नागोठण्याला पोचंल." फुग्यात तिने लिहिलं, "लाज नाय?" झालं! पुढचं वर्षभर पेणमधल्या शाळांत वेणी ओढणाऱ्या प्रत्येक पोराला "लाज नाय?" ऐकावं लागलं. हेडमास्तरांचं सगळीकडे कौतुक, संवाद किती नेमके! आणि हेडमास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "मी शब्द तोलून वापरतो." लेखक छापलेला अंक वाचत नसतात. आपलं नाव कुठे आणि केवढं आलंय, ते बघतात आणि मिटून ठेवतात.

दुसरा कवी होता. दाढी, झोळी, आणि बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघायची खोड. त्याची उल्का उडेना. खाडीच्या बांधावर बसली ती बसलीच. सहा चौकटी, सहा फुगे, आणि फुग्यांत काय? "मी उडते, की आभाळच माझ्यापासून खाली पडत जातं?" भागूबायने मला विचारलं, "भाऊ, ही बांधावर बसलीय, भरती कधी हाय?" मी म्हटलं, कवीने लिहिलेलं नाही. "पाय सोडून बसलीय आणि भरती ठावं नाय? आमच्यातली हाय ना ही?" तिने पहिल्या फुग्यात लिहिलं, "भरती चढतेय." तिसऱ्यात लिहिलं, "बांध खचलाय." मग माझी पंचाईत! खचलेला बांध काढायला नको? मी ती पानं पुन्हा काढली, उल्काला कमरेइतक्या चिखलात उतरवलं आणि भातशेती वाचवली. कवीला पत्ता नाही. एका नियतकालिकात त्याच्या बदललेल्या सामाजिक जाणिवेवर लेख आला. त्याचं कात्रण तो परवाच्या सत्काराला खिशात घेऊन आला होता, मला स्वतः दाखवलंन.

तिसरा नाटकवाला. हाच तो मानसकन्येचा बाप. याने उल्काचे कपडे कमी केले आणि तिला बेशुद्ध पडायला शिकवलं. प्रत्येक अंकात बाई खांबाला बांधलेली आणि मिशावाला इन्स्पेक्टर सोडवायला येतोय. कपडे कमी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि मी ते आनंदाने केलं, खोटं कशाला बोलू? ती पानं बघून भागूबाय म्हणाली, "भाऊ, या असल्या कपड्यात मिठाची पाटी उचलली तर कातडी सोलून निघंल. वयनींना घालायला सांगा आणि एक दिस मिठागरावर धाडा." माझ्या कानशिलात बसली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यापासून उल्का कासोट्यात आली, आणि नाटकवाल्याला मी सांगितलं की छपाईत ब्लॉक नीट उठत नव्हते.

त्याच दिवशी तिने माझं आणखी एक बिंग फोडलं. "आणि हिचे डोळे असे का ओ? बुक्की मारतेय का आशीर्वाद देतेय?" मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. इतकी वर्षं गणपतीची आखणी केलेला माझा हात उल्कालाही तेच डोळे काढत होता. शांत, अर्धे मिटलेले, जगाचं भलं चिंतणारे. गुंडाचे दात पाडतानासुद्धा बाईच्या डोळ्यांत करुणा! आणि ही गोष्ट पेणमधल्या एकालाही खटकली नव्हती, कारण पेणमध्ये सगळ्यांनाच डोळे म्हटले की तेच दिसतात.

राहिला तो खांब आणि ती दोरी. नाटकवाल्याने लिहिलं होतं, "वाचवा, इन्स्पेक्टर, वाचवा!" भागूबाय शिडीवर चढली, 'वाचवा' म्हणाली, आणि समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून चार माणसं धावत आली. त्यांना परत पाठवून तिने लिहिलं, "मुद्दाम सापडलेय. आत माणसं किती ते बघत होते." सहा अंकांचं बांधून घेणं एका वाक्यात हेरगिरी ठरलं. इन्स्पेक्टर बिचारा मिशा घेऊन नुसता उभा.

आणि मग चौथ्या आल्या. त्या बाईसाहेब. मुंबईच्या, साप्ताहिकांत कौटुंबिक मालिका लिहिणाऱ्या. मला खरंच वाटलं होतं की आता उल्काचे दिवस फिरले, बाईचं दुःख बाईला कळेल. उल्काची सगळ्यांत जास्त माती याच बाईने केली. पण एक मानलं पाहिजे, छापलेला अंक वाचणारी ही पहिलीच लेखिका. पहिल्याच महिन्यात तिने आपली वाक्यं आणि छापलेली वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि मालकांच्या टेबलावर आपटली.

मालकांनी मला बोलावलं. त्यांना एक मसालेवाला जाहिरातदार मिळाला होता आणि 'उल्काचा लग्न विशेषांक' ठरला होता. "फुग्यात मावत नाही म्हणते ना ती भागूबाय? मग फुगे मोठे काढ. पान गेलं तरी चालेल." मी काढले. नोकरी नव्हती ती, मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं नाही, एवढंच.

गोष्ट अशी होती. उल्काचं लग्न होतं. सासू म्हणते, आमच्या घरातल्या सुना उडत नाहीत. उल्का दंडावरची वाकी काढून सासूच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, "आई, आजवर मी आकाशात सुख शोधलं. खरं आकाश तर या उंबरठ्याच्या आत होतं." समाप्त. खाली मसाल्याची जाहिरात. त्या वाक्यासाठी मी पानाचा तिसरा हिस्सा खाणारा फुगा काढला.

या वेळी मालकांच्या गाडीतून बाईसाहेब स्वतः रोह्याला आल्या. भागूबायने मोरीपाशी हात धुतले, त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः शिडीच्या पायरीवर बसली.

"हे बघा बाई," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही अक्षरं काढता. शब्द माझे आहेत."

"व्हय. शब्द तुमचेच. पण पोर मिठागरावरची हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे आमच्यात लगीन झालं म्हणून डोक्यावरची पाटी उतरत नाय. उलट जास्त भरतात. मंग हिची वाकी का उतरते?"

बाईसाहेब म्हणाल्या, "वाचकांना हेच हवंय."

"कंच्या वाचकांना?"

याला उत्तर म्हणून मालकांचा निरोप पुढे आला, तो मीच सांगायचा होता. शब्द न शब्द कागदाप्रमाणे लिहिला, तर या अंकात पहिल्या पानावर तिचं खरं नाव छापणार, 'अक्षरे : भागीरथी'. नाही लिहिला, तर काम बंद. मी हे सांगितलं आणि खाली बघत राहिलो. आतून रामा पेंटर म्हणाला, "अगो लिही ना गो. तुझं नाव येतंय." त्याच्या आवाजात आर्जव होतं. इतकी वर्षं स्वतःची सही बघून त्यालाही काही वाटत असणारच.

भागूबायने मला विचारलं, "भागीरथीच ना? रामा नाय ना टाकणार?"

"भागीरथीच."

ती बराच वेळ अंबाड्यातली पेन्सिल काढून हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "लिहिते. शब्द न शब्द."

परतीच्या वाटेवर बाईसाहेब खूश होत्या, खिडकीतून निसर्ग बघत होत्या. मला मात्र फार वाईट वाटलं. भागूबायचा रागही आला, आणि आपण कुठल्या तोंडाने रागावतोय याची लाजही वाटली.

आठवड्याने पानं आणायला गेलो. तिने बाड पुढे केलं. मी शेवटचं पान उघडलं आणि बघतच राहिलो. शब्द न शब्द होता. पण तो एवढा थोरला फुगा जवळजवळ रिकामा, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या बारीक, अंग चोरलेल्या अक्षरांत ते वाक्य. इतकी वर्षं उल्काची अक्षरं जाड, उभी, फुग्याच्या कडांना भिडणारी असायची. शेजारी सासूच्या फुग्यात तशीच जाड अक्षरं होती. वाचणाऱ्याला काही सांगायची गरज नव्हती. ही बाई बोलत नव्हती, तिच्याकडून बोलवून घेतलं जात होतं.

"मोजून घ्या शब्द," भागूबाय निब पुसत म्हणाली. "फुगा मोठा केला म्हणून आवाज मोठा व्हतो व्हय भाऊ?"

मालकांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पान तपासलं. सगळे शब्द जागेवर. "बघ, आली की नाही वळणावर!" मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम तेच.

अंक निघाला. बाईसाहेबांनी बघितला आणि मुंबईहून फोनवर एवढ्या कडाडल्या की छापखान्यातल्या यंत्रांचा आवाज कमी वाटला. भागूबायचं काम त्याच दिवशी बंद झालं. पहिल्या पानावर तिचं नाव मात्र छापून गेलेलं होतं, ते कुणाला पुसता आलं नाही.

आणि मग पत्रं यायला लागली. पोस्टमन आधी हातात घेऊन यायचा, मग पिशवीत. 'उल्काचा आवाज का बसला?' 'सासूने तिला काय पाजलं?' 'ती खोटं बोलतेय, खरं पुढच्या अंकात सांगा.' एका शाळेतल्या अख्ख्या वर्गाने सह्या करून सासूचा पत्ता मागवला होता, वाकी चोरून आणायला. सुखी संसारावर एका पोरीचा विश्वास बसला नव्हता. मालकांना पत्रांचं वजन लगेच कळलं. "जा, त्या भागूबायला बोलाव. म्हणावं, दर महिन्याला नाव टाकतो." सोबत पुढच्या अंकाचा कागद आणि पत्रांची पिशवी दिली.

मी गेलो तेव्हा ती अंगणात गिरणीची पाटी रंगवत होती. तिने कागद वाचला.

"ही उडतेय कुठं यात?"

"गच्चीवर," मी म्हटलं. "पापड वाळत घालायला. सासूने परवानगी दिलीय."

तिने कागदाची नीट घडी केली आणि माझ्या पिशवीत परत सरकवली. "हे कुणीबी लिहील. माझं काय काम?"

"नाव येईल, भागूबाय. दर महिन्याला."

"नको." हे बोलताना तिचा आवाज ठाम नव्हता, मी ऐकलं. तिने ब्रश उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाली, "ती पत्रं कसली?"

मी वरचंच एक काढून वाचायला घेतलं. रोह्याजवळच्या खांब नावाच्या गावातल्या एका चौथीतल्या मुलीचं होतं. 'उल्काताई, तुला तिकडे कोंडून ठेवलं असेल तर मोठ्याने बोलू नकोस, सासू ऐकेल. नुसता पत्ता पाठव. माझे बाबा ट्रक चालवतात. आम्ही दोघं येतो तुला घ्यायला. आमच्याकडे जागा आहे.' शेवटच्या वाक्यापाशी मी उगाच खोकलो.

भागूबाय उठून आत गेली आणि एक कोरं पोस्टकार्ड घेऊन आली. खाली मांडी घालून, कार्ड पाटावर ठेवून, तिने टाक उचलला. इतक्या वर्षांत तिला कुणाचाही कागद समोर न ठेवता लिहिताना मी पहिल्यांदा बघत होतो. काळी, जाड, उभी अक्षरं. थांबली नाही, खोडलं नाही. फुंकर मारून तिने कार्ड माझ्याकडे दिलं.

'येऊ नकोस बाय. दार मी पाडलंय. निघाले. उल्का.'

"पेणला नेऊन टाकू नका," ती म्हणाली. "इथनंच टाका, आत्ताच. ती पोर बापाला ट्रक काढायला लावंल."

मी पायात चपला घातल्या आणि पोस्टाकडे निघालो. वळणावरून मागे बघितलं, तर ती पाटीवर वाकली होती. गिरणीचं नाव रंगवून झालं होतं आणि खाली कोपऱ्यात ती सही करत होती. त्यानंतर माझी आणि तिची भेट झाली नाही. पण 'रामा' लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ तिचा हात त्या कोपऱ्यात चालू होता.